चोरबत्ती : निवड आणि निगा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळींचे बोलावणे आले, तेव्हा शिक्षकाकडून त्यांनी शिक्षणविषयक लेखाचीच अपेक्षा केली असणार. आम्हीही प्रथम तोच विचार केला होता. परंतु ही स्मरणिका ट्रस्टच्या सभासदांच्या घरोघर जाईल, ती वडीलधारी मंडळी वाचतील, लेकीसुना वाचतील, शाळेत जाणारी मुलेही चाळतील. शिक्षणपद्धतीविषयी आमचे मत काय आहे हे कळल्याने यांपैकी कोणाचे अडलेले काही सुटेल असे आम्हांस वाटेना. उलट एक लहानशी वस्तू अशी आहे की, ती प्रत्येक घरात आहे, प्रत्येकाने पैसे मोजून ती घेतली आहे, आणि तरीही आत्ता या क्षणी खटका दाबला तर ती किती घरांत पेटेल याची आम्हांस दाट शंका आहे. ती वस्तू म्हणजे चोरबत्ती. कोणी तिला टॉर्च म्हणतात, पुस्तकांत तिला विजेरी म्हणतात, आणि आपल्या बेळगाव-खानापूर भागात तर सरसकट ‘बॅटरी’ म्हणतात. आतल्या सेलशी घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात आम्ही तिला बत्तीच म्हणू.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. ऑगस्ट २०१९ मधील पाऊस बेळगावकरांच्या स्मरणात असेलच. जिल्ह्यातील नद्यांना पूर आले आणि शहरातील सखल भागांत घरोघर पाणी शिरले. आमचा बोळ अशा सखल भागांतच मोडतो. रात्री लाईट गेली आणि थोड्या वेळाने उंबऱ्यावरून पाणी आत येऊ लागले. भिंतीवरील खिळ्याला चार्जिंगची मोठी बत्ती टांगलेली होती. दोन वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा समोरच्या तिसऱ्या घराची कौले तिच्या उजेडात मोजून दाखविली होती, आणि त्यानंतर ती तीन-चार वेळांपेक्षा अधिक वापरलीच नव्हती. खटका दाबला, पण काही नाही. हातातील मोबाईलचा दिवा लावला, तर त्यात चार्जिंग अगदी तळाला गेलेले. वयस्क अम्मीला हाताला धरून आम्ही बाहेर निघालो. गटारावरची एक फरशी पाण्याने सरकली होती ती आम्हांस दिसली नाही. अम्मीचा पाय त्यात गेला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडले ते मोडलेच. पुढे प्लॅस्टर निघाले, दुखणे थांबले, पण भाकरी थापताना तो हात अजूनही पुरता वळत नाही.

त्या रात्री आम्हांस वाट दाखविली ती शेजारच्या सुभेदार काकांनी. काका लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या हाती दोन सेलची जुनी पितळी बत्ती होती. तिचा उजेड कसला, पिवळट आणि मंद! पण तो होता. अम्मीला उचलून माडीवर नेल्यावर काका म्हणाले, “मास्तर, तुमची ती मोठी बत्ती कुठं आहे?” आम्ही खिळ्याकडे बोट दाखविले. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

दोष दुकानदाराचा नव्हता आणि बत्ती करणाराचाही नव्हता. तो आमचाच होता, व तो कसा हे आम्हांस नंतर कळले. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या माणसास ते आधीच कळावयास हवे होते. त्यानंतर बत्ती, सेल, बल्ब यांविषयी जे वाचले, वर्गात मुलांबरोबर जे करून पाहिले आणि दुकानात उभे राहून जे विचारले, त्यांपैकी घरगुती उपयोगाचे तेवढे पुढे देत आहोत.

प्रथम थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. डेव्हिड मिसेल नावाच्या संशोधकास १८९९ च्या जानेवारीत अमेरिकेत हातबत्तीचे पेटंट मिळाले. कागदी नळीत ओळीने कोरडे सेल, पुढे बल्ब आणि मागे परावर्तक, अशी ती रचना होती. मूळ कल्पना आजही तीच आहे. पण त्या वेळचे सेल दुबळे आणि बल्ब अधाशी. उजेड फार वेळ टिकत नसे. क्षणभर लावावा, पाहावे आणि विझवावा. म्हणून इंग्रजीत तिला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे लखकन चमकणारा दिवा, असे नाव पडले. पुढे टंगस्टनचे बल्ब आले, सेल सुधारले, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने दोन-तीन सेलच्या पितळी बत्त्या शेतावर, जत्रेला, सासुरवाडीला मिरविल्या. पण खरी क्रांती झाली ती एलईडीमुळे. निळा एलईडी १९९० नंतरच्या दशकात साधला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुना तारेचा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवीत असे; एक वॉट खर्चून दहाएक ल्युमेन उजेड मिळाला तरी पुष्कळ. एलईडी तेवढ्याच विजेत शंभर व त्याहून अधिक ल्युमेन देतो. म्हणजे त्याच दोन सेलांत आजोबांच्या बत्तीच्या दसपट काम होते.

ल्युमेन हा शब्द आला, तेव्हा तो समजून घेऊ. बत्तीतून सर्व दिशांना मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे हे माप. दुकानात आजकाल सर्व बोली या एकाच आकड्यावर चालते. दोनशे-तीनशे रुपयांच्या बत्तीच्या खोक्यावर ‘दहा हजार ल्युमेन’ असे छापलेले आम्ही पाहिले आहे. आठवीच्या मुलालाही हे खोटे कसे हे दाखविता येते. दहा हजार ल्युमेनसाठी, एलईडी उत्तम असला तरी, ऐंशी ते शंभर वॉट वीज हवी. आतील एका लिथियम सेलमध्ये साठा असतो तो दहा-बारा वॉट-तासांचा. म्हणजे तो सेल एवढी वीज देऊ शकला असता तरी सात-आठ मिनिटांत रिकामा झाला असता, आणि तेवढ्या वेळात बत्ती हातात धरवणार नाही इतकी तापली असती. तशी ती तापत नाही, याचा अर्थ तो उजेड तेथे नाहीच. सेलच्या आकड्यांतही हीच लबाडी चालते. ‘१८६५०’ या नावाचा लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, सर्वसाधारणपणे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच देतो. त्यावर ‘९९००’ छापले असेल तर तो सेल तेथेच ठेवून घरी यावे.

मग किती उजेड पुरतो? आपली अपेक्षा असते त्याहून पुष्कळ कमी. रात्री उठून न्हाणीघरात जाण्यास पाच-दहा ल्युमेन विपुल झाले. जास्त उजेडाने उलट डोळे दिपतात आणि पुन्हा झोप लागत नाही. लाईट गेल्यावर खोलीत वावरण्यासाठी शंभर ल्युमेनची बत्ती पेल्यात उभी करून छताकडे रोखावी. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड सर्व खोलीभर पसरतो आणि एकत्र बसून जेवता येते. बोळातून, पाणंदीतून चालण्यास पन्नास ते शंभर पुरे. शेतावर दोनशे-तीनशे असले की चिंता नाही. त्यापुढचा उजेड शोधकार्याला, राखणीला किंवा निव्वळ हौसेला.

ल्युमेनपेक्षा उजेडाचा झोत कसा आहे हे अधिक महत्त्वाचे. तोच उजेड एका ठिकाणी एकवटला तर दूर जातो, पसरला तर जवळचे सर्व दिसते. खोक्यावर ‘२०० मीटर’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एफएल-१ या प्रमाणानुसार, ज्या अंतरावर उजेड पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उरतो ते अंतर छापतात. चांदण्यात झाड दिसते, पण झाडाखाली उभा असलेला माणूस ओळखू येतो काय? म्हणून कामाचे अंतर छापील आकड्याच्या निम्मे, किंबहुना एकतृतीयांशच समजावे. शिवाय दुप्पट दूर पाहावयाचे तर चौपट उजेड लागतो, हा नियम आम्ही वर्गात बत्ती व फळा यांच्या साहाय्याने दर वर्षी दाखवितो, आणि दर वर्षी मुलांना तो प्रथम खोटाच वाटतो. ‘५० तास चालते’ या वाक्यातही असाच पेच आहे. उजेड आरंभीच्या एकदशांशावर येईपर्यंतचा हा काळ असतो. पहिल्या तासातच तो अर्ध्यावर आला आणि मग मिणमिणत राहिला तरी पन्नास तास भरतात. आणि हे आकडे त्या प्रमाणानुसार मोजलेले असतील तरच. खोक्यावर प्रमाणाचा उल्लेखच नसेल तर त्यांना जाहिरात समजावे.

आता आमच्या खिळ्यावरच्या बत्तीकडे येऊ. बत्ती भरवशाची की बेभरवशाची हे निम्म्याहून अधिक तिच्या सेलवर ठरते, आणि सेलांचे स्वभाव माणसांइतकेच भिन्न असतात.

बाजारात ज्या मोठ्या, स्वस्त चार्जिंगच्या बत्त्या मिळतात त्यांपैकी कित्येकींत चार व्होल्टची शिसे-आम्लाची बंद बॅटरी असते. उचलून पाहिली की वजनावरूनच कळते. मोटारीच्या बॅटरीची ही धाकटी बहीण. हिचा एकच मोठा दोष : ती रिकामी पडून राहणे सोसत नाही. नुसती टांगून ठेवली तरी आतल्या आत हळूहळू उतरते, पुरती उतरली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण कवच चढते, आणि मग कितीही चार्ज करा, ती उठत नाही. आमची बत्ती अशी दोन वर्षे उपाशी टांगली गेली. दर महिना-दीड महिन्याने तिला वीज पाजली असती तर ती त्या रात्री नक्की पेटली असती. उलट बाजूनेही सांभाळावे लागते, कारण स्वस्त बत्तीत भरल्यावर प्रवाह तोडण्याची सोय बहुधा नसते. ती चार-चार दिवस सॉकेटला लावून ठेवली तरी बॅटरी खराब होते. सांगितलेले तास मोजून काढून घ्यावी.

साधा स्वस्त सेल, ज्याला कार्बन-झिंकचा म्हणतात, तो खेड्यातील पानपट्टीवरही मिळतो हा त्याचा मोठा गुण. पण त्याचे बाहेरील जस्ताचे कवच हेच त्याचे इंधन. वापरता वापरता ते झिजते, भोक पडते आणि आतील आम्लधर्मी राड बत्तीत उतरते. अल्कलाइन सेल महाग, पण बत्तीच्या कामात तो दोन-तीनपट किंवा अधिकही टिकतो आणि कपाटात वर्षानुवर्षे राहतो. तथापि वापरून विसरला तर तोही पाझरतो. स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते ती त्याचीच. ती अल्कधर्मी असल्याने व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात भिजविलेल्या कापसाने पुसली तर निघते. मग ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. हाताला लागू देऊ नये, डोळ्यांना तर मुळीच नाही. कार्बन-झिंकच्या राडीला मात्र लिंबू नव्हे, खाण्याचा सोडा लावावा. क्वचित वापरावयाच्या बत्तीतून सेल काढून, त्याच पिशवीत पण बाहेर ठेवावेत, हा सर्वांत सोपा उपाय. जुना व नवा सेल एकत्र कधीही घालू नये. नव्याच्या जोराने जुना पार पिळला जातो आणि तोच प्रथम फुटतो.

पुन्हा चार्ज होणारे निकेलचे पेन्सिल सेल हे रोजच्या वापराला आमच्या मते सर्वांत किफायतशीर. त्यांतील ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ असे लिहिलेलेच मागावे. ते भरून ठेवले तर वर्षानंतरही बहुतांश भरलेलेच सापडतात. ज्या घरात मुलांची खेळणी, घड्याळ, रिमोट असे सर्व काही आहे त्या घरात एक चार्जर आणि आठ सेल घेतले की खर्च लवकर फिटतो.

लिथियम-आयन सेल सर्वांत जोरदार. नव्या यूएसबीवर चार्ज होणाऱ्या बहुतेक बत्त्यांत तोच असतो. तो वजनाला हलका, उजेडाला उत्तम, आणि रागीट. फुगलेला, पडून चेपलेला, वरचे वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. गादीवर, उशीजवळ किंवा रात्रभर घर झोपले असता चार्जिंगला लावू नये. उन्हात बंद मोटारीत ठेवू नये. फार दिवस ठेवावयाचा तर पुरता भरून नव्हे, निम्म्याहून थोडा अधिक भरून ठेवावा व तीनएक महिन्यांनी पाहावा. बत्तीचा खटका मऊ, इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बंद असतानाही किंचित वीज खात असते. मागचे झाकण पाव फेरा सैल केले की हे थांबते आणि पिशवीत ती आपोआप पेटण्याचेही भय राहत नाही. सर्व बत्त्यांत ही युक्ती लागू पडत नाही, पण करून पाहण्यास काही जात नाही.

आता प्रश्न येतो तो कामाचा. आमच्या मूळ गावी, खानापूर तालुक्यात, आमचे चुलते व चुलतभाऊ शेती करतात. पंपाला थ्री फेज लाईट पाळीपाळीने मिळते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची येते. मध्यरात्री उसात दारे धरणाऱ्या माणसाच्या एका हातात खोरे असते, दुसऱ्या हाताने तो चिखल ओढत असतो; बत्ती धरावयास तिसरा हात देवाने दिलेला नाही. तो ती बगलेत धरतो, दातांत धरतो, शेवटी बांधावर ठेवतो आणि अंधारातच पुढे जातो. नेमके तेथेच जनावर असते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिला आहे. यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. हा आकडा वाचल्यापासून बत्तीला आम्ही चैनीची वस्तू म्हणत नाही. खोऱ्याइतकेच ते शेतीचे अवजार आहे.

अशा कामास डोक्याला पट्ट्याने बांधावयाची बत्ती उत्तम, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड वळतो. पण तिचे एक न्यून आहे, ते दुकानात कोणी सांगत नाही. उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघाला की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते; खड्डा, चढउतार, वेटोळे, सर्व सपाट दिसू लागते. पाऊस किंवा धुके असेल तर तोच उजेड थेंबांवरून परतून डोळ्यांत येतो व समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. म्हणून चालताना बत्ती कमरेच्या उंचीवर असावी. कमरपट्ट्याला अडकविता येणारी, काटकोनात वळणारी बत्ती मिळते, ती या कामी फार सोयीची. सावल्या लांब पडतात आणि पाचोळ्यातला बारीकसा उंचवटाही उठून दिसतो. आमच्या चुलतभावाने दोन्ही घेतल्या : चालताना कमरेची, दारे धरताना डोक्याची. उजेडाचा रंगही पाहावा. निळसर पांढरा उजेड डोळ्यांना झगझगीत वाटतो, पण त्यात तपकिरी, पिवळे, मातकट सर्व एकसारखे दिसते. किंचित पिवळसर उजेडात घोणस आणि सुकी पाने यांतील फरक आम्हांस तरी लवकर कळतो. अर्थात गुडघ्यापर्यंतचे गमबूट नसतील तर नुसत्या बत्तीवर विसंबू नये. आणि इतके करूनही दंश झालाच, तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अवयव हलू न देता सरळ प्रतिविष असलेल्या इस्पितळात न्यावे.

मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना अंथरुणात चावते, म्हणून खेड्यात उशाशी बत्ती असणे हाही शेतकामाइतकाच गंभीर विषय आहे. उशाची बत्ती लहान असावी आणि तिची जागा ठरलेली असावी. तिच्यावर अंधारात चमकणाऱ्या पट्टीचा एक तुकडा चिकटवावा, म्हणजे बत्ती शोधण्यासाठी दुसरी बत्ती लागत नाही. आमच्या घरी अम्मी रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांच्या आधी उठतात. त्यांच्या उशाला एका पेन्सिल सेलची बत्ती सुतळीने खाटेच्या पायाला बांधलेली आहे. ती खाली पडत नाही आणि नातवंडेही ती पळवीत नाहीत.

नातवंडांवरून आठवले. किल्लीच्या साखळीला लावायच्या चिमुकल्या बत्त्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजून जखम होऊ शकते. मुलाला ओकारी काढावयास लावू नये, वाट पाहू नये, थेट इस्पितळ गाठावे. ज्या बत्तीचे झाकण स्क्रूने बंद होत नाही ती लहान मुले असलेल्या घरात आणूच नये.

संकटकाळासाठी वेगळी बत्ती राखून ठेवावी काय, असे पुष्कळजण विचारतात. वेगळी बत्ती ठेवण्यास हरकत नाही, पण ‘राखून ठेवलेली’ बत्ती म्हणजेच आमची खिळ्यावरची बत्ती, हे ध्यानी असावे. रोज हाती असते तिची प्रकृती आपणास ठाऊक असते; वर्षातून एकदा काढावयाची तिची नसते. तरीही ठेवावयाची तर ती साध्या पेन्सिल सेलवर चालणारी असावी, कारण पुरात चार दिवस लाईट नसते तेव्हा यूएसबीची तार घेऊन कोठे जाणार? गावातल्या दुकानात मात्र पेन्सिल सेल मिळतोच. तिच्यात मंद उजेडाची सोय असावी. पन्नास ल्युमेनवर दोन अल्कलाइन सेल आठ-दहा तास पुरतात. तोच उजेड दहावर आणला तर दोन-तीन रात्री निघतात. पावसाचे शिंतोडे सोसेल अशीवर ‘आयपीएक्स-४’ असे लिहिलेले असते, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशीवर ‘आयपीएक्स-७’. पुराच्या कामाला दुसरीच घ्यावी. मात्र ही परीक्षा नव्या बत्तीची असते. झाकणाखालील रबरी कडे सुकून चिरले किंवा चार्जिंगच्या भोकावरील रबर सैल झाले की तो आकडा निरर्थक ठरतो.

मोबाईलमध्ये दिवा असताना हे सर्व कशाला, असा आक्षेप आमच्या वर्गातील मुले घेतात. दिवा आहे, आणि कुलूप उघडण्यास तो ठीकच आहे. पण त्याचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही, ओल्या हातातून तो निसटतो, आणि संकटाच्या वेळी ज्या एका यंत्राने मदत बोलवावयाची त्याचीच शक्ती आपण उजेडासाठी जाळीत असतो. आमच्या हातात त्या रात्री तेच झाले.

एका ठिकाणी मात्र कोणतीच साधी बत्ती चालत नाही. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण जसे दाबू नये तसाच बत्तीचा खटकाही दाबू नये. खटक्यातील बारीक ठिणगीही पुरते. अंधारातच खिडक्या-दारे उघडावी, रेग्युलेटर बंद करावा व बाहेर पडावे. बत्ती आधीच पेटलेली असेल तर ती आत विझवूही नये, तशीच बाहेर न्यावी. कारखान्यांत अशा जागी वापरण्यासाठी खास प्रमाणित बत्त्या असतात, त्या घरगुती नव्हेत.

दुकानात गेल्यावर काय पाहावे, हे थोडक्यात. बत्ती पेटवून तळहातावर आपटावी. उजेड लुकलुकला तर आतील जोड सैल आहेत, परत करावी. रुमाल ओला करून त्याने हात भिजवावा आणि एकाच हाताने खटका दाबून पाहावा. वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर त्यांनाच बरोबर न्यावे. खटका चार वेळा दाबल्यावर चार प्रकारे लुकलुकणारी बत्ती म्हाताऱ्या माणसाला संकटात काही उपयोगाची नाही. एकदा दाबले की लागली, दुसऱ्यांदा दाबले की विझली, एवढेच तिने करावे. सेल स्वतः काढून पुन्हा घालून पाहावेत. बत्ती भिंतीवर रोखून मध्ये काळा डाग पडतो काय तेही बघावे. आणि विकणाऱ्याला हा सेल बिघडला तर दुसरा मिळेल काय, असे अवश्य विचारावे. सेल आत कायमचा बसविलेला असेल तर त्या बत्तीचे आयुष्य सेलच्या आयुष्याएवढेच.

निकामी सेल चुलीत किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शहरात जमा करण्याची पेटी असेल तेथे टाकावेत, नसेल तर डब्यात साठवून ठेवावेत. लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे डब्यात एकमेकांना लागून ते तापणार नाहीत.

आमच्या घरी आता तीन बत्त्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आमचा धाकटा मुलगा तिन्ही पेटवून पाहतो व कॅलेंडरवर खूण करतो. त्याबद्दल त्यास पाच रुपये मिळतात, आणि ते तो कधीही विसरत नाही. खिळ्यावरची मोठी बत्ती आम्ही टाकून दिली नाही. तिच्यात नवी चार व्होल्टची बॅटरी बसविली. दुरुस्ती करणाऱ्याने ती पाच मिनिटांत बदलून दिली.

सुभेदार काकांची पितळी बत्तीही तशीच चालू आहे. तारेचे बल्ब मिळेनासे झाले तेव्हा काका हताश झाले होते. आम्ही त्यांना त्याच खोबणीत बसणारा तीन व्होल्टचा एलईडी बल्ब आणून दिला. दोन सेलच्या बत्तीला तीन व्होल्टचा आणि तीन सेलच्या बत्तीला साडेचार व्होल्टचा मागावा लागतो. सेल उलटे बसले तर तो लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले की झाले. पहिल्या रात्री काका अंगणात आले, समोरच्या नारळीवर झोत टाकला आणि म्हणाले, “मास्तर, आता हिला आणखी वीस वर्षं काही होत नाही.” जुना बल्ब त्यांनी फेकला नाही. मागच्या झाकणाच्या स्प्रिंगमध्ये, जेथे पूर्वी राखीव बल्ब ठेवीत, तेथे तो कापसात गुंडाळून ठेवला आहे.